पाणी, वाघ आणि हवामान : जिल्ह्याच्या गावात हे बीट करणारा पत्रकार नेमकं करतो काय?

गोदाकाठ

परवा 'पत्रकारितेत करिअर' या धाग्यावर एका मुलीनं विचारलं होतं की पाणी, वन्यजीव, हवामान अशा विषयांवर मराठीत काम करायचंय, जमेल का. चार-पाच जणांनी 'इंग्रजीत जा' एवढं सांगून विषय मिटवला. मला ते पटलं नाही, तिथं लिहायला बसलो तर प्रतिसाद लांबत गेला, म्हणून हा वेगळा धागा. मी मराठवाड्यात एका दैनिकात बरीच वर्षं काढली, आता मोकळा लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे जिल्हा आवृत्तीत असं बीट (बातमीदाराला नेमून दिलेला विषय) नसतंच. धरण पाटबंधारेवाल्याकडे, दुष्काळ महसूलवाल्याकडे, गारपीट शेतीवाल्याकडे. बिबट्यानं माणूस मारला की बातमी क्राईमवाल्याकडे, कारण पहिली नोंद पोलीस ठाण्यात होते. माझ्याकडे हे सगळं आलं ते इतर कुणाला नको होतं म्हणून. राजकारणाला पान एक, पाण्याला पान पाच. (पान पाचवर निधन वार्ता असतात, त्यामुळे वाचक मात्र भरपूर.)

मी शिकलो ते जायकवाडीवर. रोज सकाळी धरणाच्या नियंत्रण कक्षातून आकडे येतात. पूर्वी फोन करून वहीत उतरवायचो, आता व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. पातळी फुटांत आणि मीटरमध्ये, एकूण साठा, जिवंत साठा, टक्केवारी, आवक, विसर्ग, बाष्पीभवन. बहुतेक जण त्यातली टक्केवारी तेवढी उचलतात. धरण पूर्ण भरलं की पातळी १५२२ फूट, एकूण साठा १०२.७३ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट) आणि त्यातला जिवंत, म्हणजे सहज वापरता येणारा, ७६.६५. पण खरी मजा बाष्पीभवनाच्या रकान्यात आहे. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, पसरट आणि उथळ. एप्रिल-मेमध्ये संभाजीनगर शहर दिवसाला जेवढं पाणी उचलतं त्याच्या कित्येक पट पाणी नुसतं ऊन उचलून नेतं. हा आकडा रोज समोर येतो आणि रोज छापायचा राहतो.

एक गणित पाठ करून टाका. ११,५७४ क्युसेकनं (सेकंदाला तेवढे घनफूट) पूर्ण चोवीस तास पाणी चाललं की एक टीएमसी होतं. मग 'नाशिकमधून ५० हजार क्युसेक विसर्ग, मराठवाड्याला दिलासा' असा मथळा दिसला की आधी विचारायचं, किती तास? अख्खा दिवस चाललं तर सव्वाचार टीएमसीच्या आसपास. तीन तास चाललं तर जेमतेम अर्धा.

समन्यायी पाणीवाटपाचा, म्हणजे वरच्या धरणांनी खाली किती पाणी सोडायचं याचा, वादही असाच कागदावर उलगडतो. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातलं कलम १२(६)(ग), २०१३ चा मेंढेगिरी समितीचा अहवाल, सप्टेंबर २०१४ चा प्राधिकरणाचा आदेश, २०१६ चा उच्च न्यायालयाचा निकाल. साधा नियम असा की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल तर वरच्या धरणांतून सोडायचं. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला. नगर-नाशिकला मोर्चे, इकडे पैठणला मोर्चे, दोन्हीकडच्या आवृत्त्यांत एकाच पेपरचे दोन उलटे मथळे. ही गंमत नाही, खरंच होतं.

मला जास्त शिकवलं ते आदेश निघाल्यानंतरच्या आठवड्यानं. पाणी सुटण्याआधी नदीवरच्या केटी (कोल्हापूर पद्धतीच्या) बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात. काढल्या का, कुणी काढल्या, रात्रीतून परत कुणी बसवल्या, हे बघायला नदीकाठानं मोटरसायकलवर फिरावं लागतं. दोन्ही काठांची वीज बंद करतात, नाहीतर मोटारी पाणी वाटेतच उचलतात. म्हणून मग काठावर डिझेल इंजिनं येतात. कोरडं पात्र पहिला लोंढा पिऊनच टाकतं. ८.६ सोडलं म्हणजे ८.६ पोचलं नाही, आणि नेमकं किती पोचलं यावर परत दोन जिल्ह्यांचे दोन आकडे. वरच्या शेतकऱ्याचंही ऐकलंत तर त्याचं म्हणणं खोटं वाटत नाही. त्याची द्राक्षबाग उभी असते.

आणि तेच धरण, दोनच वर्षांनी, २०२५ च्या सप्टेंबरात पुरासाठी दारं उघडून बसलं होतं आणि खालची गावं हलवावी लागत होती. २०२३ ची वही ज्याच्याकडे होती त्याला २०२५ ची बातमी वेगळी लिहिता आली.

माझं म्हणणं एवढंच आहे की या कामात गाजलेल्या जागी धावत जाण्यापेक्षा एका जागेला चिकटून राहणं जास्त कामाला येतं. एक धरण घ्या, एक जंगल घ्या, पाच महसूल मंडळं घ्या. बाकीच्यांनी आपापल्या भागातलं लिहा. आकडेवाले, जंगलवाले, शेतीवाले, सगळ्यांचं स्वागत.

---

माळरान_सोलापूर

वाखुसा (वाचनखूण साठवली). आमच्या उजनीवर लिहायला पाहिजे कुणीतरी. धरण 'उणे' कसं होतं हे मुंबईच्या मित्राला समजावता समजावता मी थकलोय.

उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातलं ६३ च्या वर मृत साठ्यात आणि जिवंत फक्त ५३ च्या आसपास. टक्केवारी मोजतात ती जिवंत साठ्यावर. तो संपला की शून्य, आणि त्याखाली उपसत गेलं की उणे. २०२४ च्या उन्हाळ्यात उणे पन्नासच्याही खाली गेलं होतं. म्हणजे धरणात तेव्हाही तीसेक टीएमसी होतं, पण ते नदीवाटे, कालव्यावाटे सहज मिळणारं नाही. टीव्हीवाले 'उजनी कोरडी' म्हणतात आणि मागे पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याबाहेर आलेलं दाखवतात. देवळाचं दृश्य छान असतं, मान्य. पण त्या मृत साठ्यात गाळ किती साचलाय हा प्रश्न देवळासमोर उभं राहून कुणी विचारत नाही.

---

हिशेबनीस

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त. पत्रकारांचा माझा अनुभव संमिश्र आहे, लिहितो.

आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटलं की फोटो येतो. मंत्री, नारळ, कालव्याचं दार. त्यानंतर तीन आठवडे एकही पत्रकार टेलला, कालव्याच्या शेवटच्या टोकाला, जात नाही. कालव्याच्या मुखापाशी ऊस उभा, टेलच्या शेतकऱ्याला ज्वारीचं एक पाणीही नाही, ही महाराष्ट्राच्या सिंचनाची खरी बातमी आहे आणि ती दर पाळीला असते. गेजिंगच्या (कालव्यातलं पाणी मोजल्याच्या) नोंदवह्या उपविभागात पडलेल्या असतात. मी नोकरीत असताना त्या बघायला कुणी आल्याचं मला आठवत नाही.

दुसरं. २०१२ च्या सिंचन प्रकरणाबद्दल लोकांना वाटतं की कुणीतरी गुप्त फाईल फोडली. मुख्य अभियंता विजय पांढरे यांचं पत्र होतंच, ते महत्त्वाचंही होतं. पण मूळ ठिणगी सरकारनं स्वतः छापलेल्या आर्थिक पाहणीत होती. दहा वर्षांत सिंचनावर सत्तर हजार कोटींच्या घरात खर्च आणि सिंचनक्षेत्राची टक्केवारी १७.८ वरून १७.९. अधिवेशनात सगळ्यांच्या बाकावर पडलेलं पुस्तक होतं ते. पुढं श्वेतपत्रिका, चितळे समिती वगैरे सगळं झालं. आणि नंतरच्या कित्येक पाहण्यांत त्या रकान्यात काय छापून येतं, सांगा? 'उपलब्ध नाही.' आमच्या खात्यानं धडा घेतला असं म्हणायला हरकत नाही.

---

पेठेतला_पुणेकर

लेख चांगला, पण मूळ प्रश्न 'करिअर'चा होता ना? क्युसेकचं टीएमसी करून घर चालतं का? पगार, पदोन्नती यावर एक अवाक्षर नाही. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

---

गोदाकाठ

पेठेतले साहेब, तुम्ही टोचलंत ते बरोबर जागी.

तालुका वार्ताहराला बहुतेक ठिकाणी पगार नसतो, मानधन असतं, आणि वर जाहिरातीचं टार्गेट. पंधरा ऑगस्ट, दिवाळी, नेत्याचा वाढदिवस. ज्या वाळूवाल्याविरुद्ध लिहायचं त्याचीच शुभेच्छा जाहिरात आणायची असते. हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्याकडे एकदा नदीपात्रातल्या उपशावर मालिका चालू असताना तिसरा भाग 'जागेअभावी' राहिला आणि त्या जागेवर कुणाची जाहिरात आली हे मी इथं लिहिणार नाही. तिसरा भाग पुढंही कधी आला नाही.

मुख्य आवृत्तीत उपसंपादक किंवा बातमीदार म्हणून लागलात तर पगार मिळतो, पण मग तुम्ही डेस्कवर. मधला रस्ता म्हणजे फेलोशिप, इंग्रजी संकेतस्थळांसाठी लिहिणं, अनुवाद, माहितीपटवाल्यांना मदत. परदेशी चॅनेलवाल्यांबरोबर फिक्सर (स्थानिक मदतनीस) म्हणून चार दिवस हिंडलं की महिन्याच्या मानधनापेक्षा जास्त मिळतात. त्यात कमीपणा नाही, फक्त त्यांना जी गोष्ट दाखवली तीच आपण मराठीत आधी लिहून ठेवावी.

घर चालतं का? माझं बायकोच्या शिक्षिकेच्या नोकरीवर चाललं. माझ्या ओळखीतल्या या विषयावरच्या निम्म्या लोकांची परिस्थिती हीच आहे, उरलेल्यांची शेती आहे.

---

फिरस्ती

मराठीत राहून काय होणार, असं म्हणणाऱ्यांना राजकुमार केसवानींचं उदाहरण सांगावंसं वाटतं. भोपाळचे. त्यांचं 'रपट' नावाचं हिंदी साप्ताहिक होतं, अगदी छोटं. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात १९८१ च्या डिसेंबरात फॉस्जीन वायूनं एक कामगार मेला, तो त्यांच्या ओळखीतला. त्यानंतर त्यांनी कारखान्याची सुरक्षा खोदायला घेतली. सप्टेंबर १९८२ पासून एकामागून एक लेख. शहर ज्वालामुखीच्या तोंडावर बसलंय, अशा अर्थाचे मथळे. कुणी लक्ष दिलं नाही. साप्ताहिक बंद पडलं. १९८४ च्या जूनमध्ये त्यांनी 'जनसत्ता'त परत लिहिलं. आणि डिसेंबरच्या २ तारखेच्या रात्री वायू सुटला. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत ते गेले, तेव्हा बऱ्याच मराठी पेपरांत दोन परिच्छेदांत उरकलं.

दुसरं उदाहरण सरिस्काचं. २००४ पर्यंत कागदावर तिथं डझनाहून जास्त वाघ होते. जानेवारी २००५ मध्ये जय मजूमदार यांनी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये लिहिलं की तिथं वाघ दिसतच नाहीयेत. आधी इन्कार, मग सीबीआय, मग पंतप्रधानांनी सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली व्याघ्र कृती दल नेमलं. आज एनटीसीए नावाचं जे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आहे ते त्यानंतरचं. पायाचे ठसे मोजून वाघ मोजायची जुनी पद्धत मोडीत निघाली आणि कॅमेरा ट्रॅप आले तेही त्याच सुमारास. २००६ च्या गणनेत देशात फक्त १,४११ निघाले. २०२२ च्या गणनेत ३,६८२, त्यातले महाराष्ट्रात ४४४.

आणि आपल्या मुंबईचे डॅरिल डिमॉन्टे. वांद्र्याचे. मोठ्या इंग्रजी दैनिकांचे निवासी संपादक होते, म्हणजे राजकारण लिहून सुखात राहता आलं असतं. १९८५ च्या त्यांच्या पुस्तकात तीन वाद आहेत. सायलेंट व्हॅली, मथुरेची रिफायनरी आणि आपल्या अलिबागजवळचा थळ-वायशेतचा खत कारखाना. 'हे सगळं चांगलं आहे हो, पण विकास नको का' हा प्रश्न तेव्हापासून आहे आणि माणूस दोन्ही बाजूंचा हिशेब मांडत होता. पुढं पर्यावरण पत्रकारांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली तिचे ते पहिले अध्यक्ष. २०१९ च्या मार्चमध्ये गेले.

---

उसातला

वरचे सगळे प्रतिसाद वाचले. मी जुन्नर तालुक्यातला, शेतकरी. थोडं कडू लिहितो, राग मानू नका.

वन्यजीव पत्रकार आमच्याकडं येतो तो बिबट्याचा फोटो घ्यायला. त्याला बिबट्या 'सहजीवना'त पाहिजे असतो. २०२५ च्या दिवाळीच्या आसपास शिरूर तालुक्यात पिंपरखेडला बिबट्याच्या हल्ल्यात पोरं गेली, लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा सगळी चॅनेलं आली. त्याच्या आधी दोन वर्षं आम्ही काय बोंबलत होतो ते कुणाला माहितीये का? दिवसा थ्री फेज द्या. बस, एवढंच. एका आठवड्यात दिवसा लाईट, दुसऱ्या आठवड्यात रात्री. रात्रीच्या पाळीला माणूस बॅटरी घेऊन उसात दारं धरायला जातो. बिबट्याचा हिंडायचा टाईम तोच.

आमच्याकडं बिबट्या वाढला तो उसामुळं, ऊस वाढला तो कुकडीच्या पाण्यामुळं, आणि रात्रीचं पाणी द्यावं लागतं ते महावितरणच्या वेळापत्रकामुळं. आता सांगा, ही बातमी वन्यजीववाल्याची, पाणीवाल्याची का वीजवाल्याची? कुणाचीच नाही, म्हणून ती येत नाही.

---

गोदाकाठ

उसातला, तुमचा हा एक परिच्छेद माझ्या पूर्ण लेखापेक्षा भारी आहे. राग कसला.

---

फिरस्ती

सहमत, पण एक बाजू राहिली. २००१ ते २००३ मध्ये जुन्नर भागात हल्ले वाढले तेव्हा गावोगाव पिंजरे लावून बिबटे पकडले आणि लांबच्या जंगलांत सोडले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं की सोडलेल्या ठिकाणांच्या आसपास हल्ले उलट वाढले. म्हणजे 'पिंजरा लावा' ही मागणी छापणं सोपं, पण पिंजऱ्यातला बिबट्या पुढं कुठं जातो हे त्याच बातमीत यायला हवं. कुठंतरी ते दुसऱ्या कुणाचं शेत असतं.

---

उसातला

ते मान्य. माणिकडोहच्या बिबट्या केंद्रात जागा किती आणि पकडलेले किती, हे आम्हालाही कळतं.

अजून एक सांगतो, बातमी कशी दिसते ते. ऊसतोड चालू झाली की फडात पिल्लं सापडतात, दोन नाहीतर तीन. मजूर घाबरून कोयता टाकतात. पूर्वी लोक पिल्लं उचलून आणायचे, मग मादी रात्रभर वस्तीच्या बाजूनं डरकत फिरायची. आता वनखात्याची माणसं येतात, डॉक्टर पिल्लं तपासतो, संध्याकाळी त्याच फडात प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवतात, कॅमेरा लावतात आणि सगळे लांब सरकतात. रात्री मादी येते, क्रेट पाडते, एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. मी माझ्या शेतात बघितलंय, म्हणजे दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यात. त्या दिवशीची तोड थांबली, टोळीची मजुरी बुडाली, कारखान्याचा ट्रॅक्टर रिकामा गेला. पिल्लांची बातमी सगळ्यांनी छापली. टोळीची कुणी नाही.

---

मोहफूल

मी ब्रह्मपुरीकडची. आमच्याकडं मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, मेमध्ये तेंदूपत्ता. बायका पहाटे चारला जंगलात जातात, वाकून वेचतात. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही म्हणतात. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात बातम्या वाढतात त्या उगाच नाही.

इथं मला पत्रकारांबद्दल दोन टोकं दिसतात. टी-१ म्हणजे अवनी वाघीण आठवते? पांढरकवडा भागात तेरा लोकांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता, नोव्हेंबर २०१८ मध्ये तिला गोळी घातली. शहरातल्या पेपरात तिच्या बछड्यांचं काय होणार यावर पानं भरली. तेरा घरांत पुढं कोण कमावतं, पोरं शाळेत गेली का, यावर फार थोडं आलं. आणि दुसरं टोक म्हणजे आमच्याकडचे लोकल पोर्टलवाले. प्रेत उचलायच्या आधी व्हिडिओ.

माझ्या काकूंच्या वेळेस एक वार्ताहर आला होता. त्यानं पहिल्या दिवशी काहीच विचारलं नाही. पंचनामा जंगलाच्या कुठल्या कक्ष क्रमांकात लिहिला एवढं बघून गेला. कारण नोंद चुकली की नुकसानभरपाईला महिनोन्‌महिने लागतात. आमच्या कागदावर खरंच दुसऱ्या कक्षाचा नंबर पडला होता. त्यानं वनपालाला सांगून तिथंच दुरुस्त करून घेतला. बातमी दोन दिवसांनी दिली. त्याला कोणता पुरस्कार वगैरे नाही मिळाला.

---

पेठेतला_पुणेकर

हे बातमीदारीत बसतं का पण? कागद दुरुस्त करून देणं म्हणजे कार्यकर्ता झाला तो. पत्रकारानं बघावं आणि लिहावं.

---

मोहफूल

बसत नसेल तर न बसो बापा.

---

कातळसडा

रत्नागिरीहून. कोकणातून एकही प्रतिसाद नाही हे बघून लिहितोय.

राजापूरचे शशिकांत वारिशे. 'महानगरी टाइम्स'साठी लिहायचे, बारसू-सोलगावच्या रिफायनरीच्या वादावर सातत्यानं. ६ फेब्रुवारी २०२३ ला दुपारी पेट्रोल पंपाजवळ त्यांच्या दुचाकीला गाडीनं धडक देऊन फरपटत नेलं, दुसऱ्या दिवशी ते गेले. ज्याच्याविषयी त्या सकाळी त्यांची बातमी छापून आली होती त्याच माणसावर खुनाचा गुन्हा दाखल झाला. वर धागाकर्त्यांनी जाहिरातीचं लिहिलंय, ते खरंच आहे. पण तालुक्याच्या गावात ज्याच्याविरुद्ध लिहायचं तो रोज समोर भेटतो. बाजारात, देवळात, लग्नात. मुंबईच्या पत्रकाराला परत जायला गाडी असते.

मध्य प्रदेशात भिंडला संदीप शर्मा म्हणून टीव्ही पत्रकार होते, वाळूमाफियांवर स्टिंग केलं होतं. मार्च २०१८ मध्ये ट्रकनं चिरडले.

वर मुलीला सल्ले देताना हेही सांगा.

---

गोदाकाठ

कातळसडा, हे यायलाच हवं होतं.

वाळूच्या बाबतीत माझा अनुभव एवढाच की बातमी कधी एकट्यानं करू नये. दुसऱ्या पेपरच्या माणसाला बरोबर घ्यावं, एकाच दिवशी दोघांनी छापावं. एक्सक्लुझिव्ह गेलं तर गेलं. रात्री घाटावर जायचं नाही, पावत्या आणि वाहतूक परवाने दिवसा तहसीलमध्ये बघता येतात. एकाच परवान्यावर किती खेपा पडल्या हे कागदावर जास्त स्पष्ट दिसतं.

---

चिमणपाखरं

हवामानाचं कुणी लिहीलंच नाही. शीर्षकात आहे म्हणून विचारतेय. का तो विषय फक्त परदेशातल्या परिषदांचा?

---

गोदाकाठ

मुद्दाम टाळलं नाही, धागा बिबट्यानं पळवला.

हवामान जिल्ह्यात येतं ते महसूल मंडळाच्या, म्हणजे काही गावांच्या गटाच्या, रूपानं. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की त्या मंडळात अतिवृष्टी, मग पंचनामे, मग ३३ टक्क्यांपेक्षा जास्त नुकसान असेल तर मदत. पाऊस मोजतं कोण? मंडळातलं महावेध प्रकल्पाचं स्वयंचलित हवामान केंद्र. आता पाऊस असा पडायला लागलाय की ओढ्याच्या अलीकडं ढगफुटीसारखा आणि पलीकडं रस्ता कोरडा. केंद्र पलीकडं असेल तर अलीकडच्या गावाला कागदावर पाऊसच झालेला नाही. बदलतं हवामान म्हणजे काय हे मला या एका भानगडीनं जेवढं समजावलं तेवढं कुठल्या परिषदेच्या वार्तांकनानं नाही समजावलं. केंद्र कुठं बसवलंय, झाडाखाली आहे का, भोवती गवत वाढलंय का, हे जाऊन बघा. फोटोसकट बातमी होते.

पॅटर्न बघायला मात्र जुन्या नोंदी लागतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट आठवा, द्राक्षं, गहू, पक्षी, सगळं झोपलं होतं. त्याच वर्षी ३० जुलैला माळीणवर दरड कोसळली. गाव दिसत नाही हे पहिल्यांदा एसटीच्या चालकाच्या लक्षात आलं आणि बातमी बाहेर पडली. १५१ माणसं. मग २०२१ ला तळिये, २०२३ ला इर्शाळवाडी. प्रत्येक वेळी पत्रकार तिसऱ्या दिवसापर्यंत असतात. पुनर्वसनाची घरं दोन पावसाळ्यांनी कशी आहेत, मूळ जागेशेजारच्या वाड्यांना दरवर्षी जूनमध्ये ज्या नोटिसा देतात त्या घेऊन लोकांनी जायचं कुठं, हे कुणाच्या डायरीत नसतं. मी दरवर्षी मेअखेर अशा वाड्यांची यादी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षातून मागून घ्यायचो. मागितली की देतात.

---

माळरान_सोलापूर

२०१६ ची लातूरची रेल्वे राहिली! मिरजेहून एप्रिलमध्ये पहिली गाडी निघाली, पाच लाख लिटर. तेव्हा मी लातूरला मावशीकडं होतो. स्टेशनवर जेवढे कॅमेरे होते तेवढे पाण्याचे टँकर गावात नव्हते. एका चॅनेलवाल्यानं मावशीला भरलेली घागर रिकामी करून हातात धरायला सांगितलं. मावशी म्हणाली, "पाणी तू आणून देशील का परत?"

---

हिशेबनीस

तुमच्या मावशींना साष्टांग.

---

नवी_पालवी

ती 'एक मुलगी' मीच. नमस्कार सगळ्यांना. एवढं येईल असं वाटलं नव्हतं, दोनदा वाचलं. कातळसडा काका, तुमचा प्रतिसाद घरी दाखवला नाहीये.

मी बीडजवळच्या तालुक्यातली, एम.ए. करतेय. हिशेबनीस काकांनी गेजिंगच्या वह्यांचं लिहिलंय तेच करून बघावं म्हणते, आमचं गाव माजलगावच्या कालव्यावर टेललाच आहे. उपविभागात गेले तर 'कशाला पाहिजे' म्हणून परत पाठवलं. माहिती अधिकारात मागू का? मागायचं कसं?

---

हिशेबनीस

मागा. मराठीतच लिहा. एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, नाहीतर त्याच कारणावरून परत येतो. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावा. 'का मागता' हे सांगायची गरज नाही, कायद्यातच तसं आहे. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडं.

आणि 'सर्व माहिती द्यावी' असं कधी लिहू नका. मग दोन हजार पानांच्या झेरॉक्सचं बिल येतं आणि अर्जदार गप्प बसतो. हा आमच्याकडचा जुना उपाय आहे. 'अमुक शाखा कालव्याच्या रब्बी आवर्तनाच्या गेज नोंदवह्या पाहण्यासाठी वेळ मिळावी' एवढंच लिहा. समोर बसून बघायच्या, लागतील तेवढ्याच पानांची प्रत मागायची.

---

गोदाकाठ

पालवी, त्याच्या आधी एक काम कर. पुढचं आवर्तन सुटेल तेव्हा मुखापाशी पाणी कधी आलं आणि तुमच्या टेलला कधी आलं, तारीख-वेळ टाकून वहीत लिही, मोबाईलवर फोटो काढ. आलंच नाही तर तेही लिही. मग त्यांच्या वहीशी ताडून बघता येईल. अर्ज तयार झाला की इथं टाक, शब्द मोजून देतो.

---

हिशेबनीस

गेज वाचायचं कसं हेही शिकवतो. कालव्याच्या भिंतीवर रंगवलेली पट्टी असते, ती बऱ्याच ठिकाणी पुसलेली असते. पुसलेली असेल तर तिचा फोटो आधी काढ.